चार मिलिमीटर

मेंढ्यांना भुंकून हाकणारी कुत्री वेगळी.
ती टेकडीभर आरडाओरडा करतात
आणि संध्याकाळी गाडीत चारी पाय वर करून झोपतात.
ब्रॅकन त्यातली नाही.
पोट गवताला टेकवून, एक पंजा अधांतरी धरून
ती नुसती बघते,
आणि दीडशे मेंढ्या
आपणच ठरवल्यासारख्या फाटकातून आत जातात.
इथे ओटागोत म्हणतात, हिचा डोळा जड आहे.

गाठी माझ्या हाताला लागल्या, जबड्याखाली,
जर्दाळूच्या बियांएवढ्या, दोन्हीकडे सारख्या.
डनीडिनला अडीच तास.
डॉक्टर मरामा म्हणाली, लिंफोमा.
म्हणाली, औषध आहे. बरं करत नाही, वेळ देतं.
शेजारच्या लॉकीनं कुंपणावर कोपर टेकून सांगितलं,
"हेटी, अशा जनावराला एक गोळी पुरते."
देतेय ना, म्हटलं. रोज एक. चीजमध्ये लपवून.
हसावं की नाही ते त्याला कळेना. गेला.

सातव्या आठवड्यात गाठी विरल्या.
मी दोनदा चाचपलं, मग हातमोजे काढून तिसऱ्यांदा.
आणि त्याच आठवड्यात
तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत पिवळट चिकटा धरू लागला,
बुबुळावरची चमक गेली,
धुऊन न पुसता ठेवलेल्या काचेसारखी.

मरामानं कागदाची पट्टी तिच्या पापणीआड अडकवली.
एक मिनिट, म्हणाली.
डोळ्यातल्या पाण्याबरोबर निळा रंग खाली सरकतो,
पंधराच्या पुढे गेला तर ठीक.
आम्ही दोघी त्या रंगाकडे बघत राहिलो.
ब्रॅकन दाराकडे.
चार.
दुसऱ्या डोळ्यात तीन, की साडेतीन,
मला वाकूनही नीट वाचता आलं नाही.
औषधाचंच आहे हे, मरामा म्हणाली,
थेंब देते, डोस थोडा कमी करून बघू.
डोळे की दिवस, असं ती म्हणाली नाही.
ते मी म्हणाले, गाडीत,
पामर्स्टनच्या पुढच्या चढावर, गिअर बदलताना.

जुलैत कळप वरच्या कुरणातून खाली आणायचा होता.
पिवळ्या बिल्ल्याची ती म्हातारी, तीनशे अठरा,
वाटेत थांबली.
ब्रॅकन पोटावर बसली. पंजा उचलला. पाहिलं.
आणि पापणी मिटली.
कामावरच्या कुत्रीनं पापणी मिटायची नसते.
पुन्हा मिटली. पुन्हा.
म्हातारीनं खूर आपटला, एकदाच,
आणि माझ्या कुत्रीच्या अगदी शेजारून,
काही घाई नसल्यासारखी, निघून गेली.
बाकीच्या तिच्या मागोमाग.
शीळ घालायला तोंडाशी नेलेली बोटं
मी तशीच ठेवली.
थंडीत ओठांना चिकटली ती.

आता दिवसातून चारदा थेंब, रात्री दोनला मलम,
तेही मक्याच्या तेलात कालवलेलं.
डोळ्यात तेल घालून राखण करणं
म्हणजे नेमकं काय करायचं असतं
ते मला साठाव्या वर्षी कळतंय:
नळी आधी काखेत धरून ऊब द्यायची,
खालची पापणी अंगठ्यानं ओढायची,
आणि काहीबाही बोलत राहायचं,
लोकरीचे भाव, गोठलेला नळ, लॉकीचा नवा ट्रॅक्टर.
ती विरोध करत नाही.
केला असता तर बरं वाटलं असतं.

काल खुर्चीतच डोळा लागला माझा.
जाग आली तेव्हा चूल विझलेली, तीन वाजून गेलेले,
आणि समोर ब्रॅकन,
पोट फरशीला, एक पंजा अधांतरी,
त्या धुरकट डोळ्यांनी माझ्याकडे बघत.
आवाज नाही.
मी उठले,
आणि आपणच ठरवल्यासारखी
नळी आणायला गेले.

संपत आलीये ती.
सोमवारी पुन्हा डनीडिन, पुन्हा पट्टी.